चुकांची वही पुसायची की जपायची?

संकेतस्थळावर फॉर्म भरताना ‘५००’ आकडा दिसला, की बिघाड सर्व्हरमध्ये आहे असे समजावे. ‘४०४’ म्हणजे मागितलेले पान सापडले नाही. पाहणारा वैतागून निघून जातो, पण चुकीची नोंद मागे उरते: वेळ, पानाचा पत्ता, बिघाडाचे स्वरूप. संकेतस्थळाच्या ॲडमिन पॅनेलमध्ये अशा नोंदींची यादी उघडली, तर कधी एकच चूक हजारदा दिसते. म्हणून सारख्या चुकांचा एक गट करावा, गंभीर चुका आधी हाती घ्याव्यात आणि दुरुस्तीनंतर ‘निकाली’ अशी खूण करावी. पासवर्ड किंवा कार्डाचा क्रमांक नोंदीत उतरत नाही ना, हेही पाहावे.

यादी पुसून टाकण्याचा मोह मात्र आवरावा. नवी दिल्लीतील ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार यंत्रणांच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात आणि ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवाव्या लागतात. सर्व्हरची घड्याळेही राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र (एनआयसी) किंवा दिल्लीतल्याच राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळती ठेवायची असतात. घड्याळे पुढेमागे असली, तर आधी काय बिघडले हेच उमगत नाही.