आठ घोड्यांची मोटार आणि दाजींची मारुती

लातूरला आमच्या ताईच्या अंगणात कडुनिंबाखाली एक पांढरी मारुती ८०० उभी असते. गाडी १९८६ सालची. गंजगोलाईला येऊन मिळणारे सोळाच्या सोळा रस्ते आपण हिच्यातून पाहिले, कुठे अडकलो नाही, असे दाजी मोठ्या अभिमानाने सांगत. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मागच्या बाकावर चादरी, औषधे आणि घरोघरच्या भाकरी भरून दाजींनी ही गाडी कितीतरी खेपा तिकडे नेली. दाजी गेले त्याला आता सहा वर्षे झाली. तेव्हापासून गाडी उभीच आहे.

श्रावणात ताईचा फोन आला. "अरे, हा पोरगा त्यांच्या गाडीचं इंजिन काढतो म्हणायलाय. तू येऊन दोन शब्द सांग की त्याला."

मी नांदेडहून सकाळची एस. टी. पकडली. लोहा, अहमदपूर, चाकूर असे करीत दुपारी लातूरला पोहोचलो. भाचा इंजिनियर आहे. बोलण्यात कोणाला ऐकायचा नाही. चहा पुढ्यात येण्याआधीच त्याने आपला बेत सांगून टाकला. इंजिन काढायचे, विजेची मोटर बसवायची आणि ही गाडी शर्यतीत पळवायची! शर्यतही कसली, तर पाव मैलाची. सरळ रस्ता, ४०२ मीटर, दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या. दिवा हिरवा झाला की सुटायचे. 'ड्रॅग रेस' म्हणतात तिला.

मला हसू आले. म्हटले, "बाबा रे, ही गाडी भाजी आणायला आहे."

"मामा, भाजी आणायचीच एक गाडी या शर्यतीत धावली आहे," तो म्हणाला आणि मग त्याने जी हकीकत सांगितली, ती वाचकांनीही ऐकण्याजोगी आहे.

१९७३ साली तेलाचे भाव भडकले, त्या सुमारास इंग्लंडच्या दक्षिणेकडील वाइट बेटावर विजेवर चालणारी एक चिमुकली मोटार तयार होऊ लागली. नाव एनफील्ड ८०००. (आपली बुलेट करणारी ती कंपनी ही नव्हे.) पैसा एका ग्रीक धनिकाचा. दोन माणसे बसतील एवढीच जागा, लांबी तीन मीटरही नाही, म्हणजे आपल्या नॅनोहून आखूड. शक्ती आठ अश्वशक्तीची, आणि आत शिशाच्या जड बॅटऱ्या. वेगही बेताचाच. एकदा भारली की साठ-सत्तर किलोमीटर चालायची. मी मनातल्या मनात हिशेब केला. नांदेडहून निघाली असती तर लोहा ओलांडून अहमदपूर गाठता गाठता तिचा दम गेला असता. किंमतही कमी नव्हती. जेमतेम सव्वाशे गाड्या निघाल्या, त्यांतल्या बऱ्याचशा तिकडच्या वीजमंडळांनीच घेतल्या आणि कारखाना मिटला. लोकांनी हसून सोडून दिलेल्या यंत्रांपैकी ते एक झाले.

पुढे तिकडच्या दूरचित्रवाणीवर मोटारींचे कार्यक्रम करणाऱ्या जॉनी स्मिथ नावाच्या गृहस्थाच्या हाती १९७० च्या दशकातली अशीच एक जुनी गाडी लागली. त्याने तिची जुनी मोटर आणि शिशाच्या बॅटऱ्या काढल्या, दोन दांडग्या मोटरी बसवल्या, लिथियमच्या बॅटऱ्या घातल्या आणि एका गाजलेल्या इंग्रजी चित्रपटातल्या कालयंत्राच्या भागावरून तिचे नाव ठेवले 'फ्लक्स कपॅसिटर'. २०१६ साली सँटा पॉड येथील धावपट्टीवर ही गाडी पाव मैल ९.८६ सेकंदांत गेली. रेषा ओलांडताना वेग होता ताशी सुमारे १९५ किलोमीटर. आणि गंमत अशी की, हीच गाडी रस्त्यावर चालवायलाही कायद्याने मोकळी!

दहा सेकंदांच्या आत ४०२ मीटर म्हणजे काय, हे कागदावर नीट समजत नाही. विहिरीत दगड सोडला की तो ज्या ओढीने खाली जातो, जवळपास त्याच ओढीने ही गाडी आडवी सुटते. आत बसलेल्या माणसाची पाठ आसनाला चिकटते.

हे घडते कसे? पेट्रोलच्या इंजिनाला जोर येण्यासाठी आधी फिरावे लागते. विजेच्या मोटरीचे तसे नाही. तिचा सर्वांत मोठा जोर जागेवरून हलतानाच असतो. म्हणून तर १९२५ पासून मुंबईची लोकल अशा मोटरींवर खचाखच भरलेले डबे ओढत आली. तेव्हा मोटर हे नवल नव्हतेच. अडत होते ते बॅटरीपाशी. भाच्याने मला ते लातूरकराच्या भाषेत समजावले. "मामा, हौदात पाणी किती आहे हा एक प्रश्न, आणि नळाची तोटी केवढी हा दुसरा." ज्या २०१६ साली लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, त्या गावच्या पोराला हा दृष्टान्त सुचणारच. जुन्या बॅटरीची तोटी बारीक, नव्या लिथियमची रुंद. मी कागद घेऊन आकडेमोड केली. टनभर वजनाच्या गाडीला एवढा वेग द्यायला अर्ध्या युनिटाहून कमी वीज पुरते; वाऱ्यात आणि उष्णतेत वाया जाईल ती वेगळी. माझ्या डोक्यावरचा पंखा रात्रभरात एवढी वीज खातो! फरक इतकाच, की तिथे ती दहा सेकंदांत ओतायची असते.

आणि इथेच भीतीही आहे. एवढी वीज चुकीच्या वाटेने गेली तर जाड तार वितळते, बॅटरी पेटली तर पाण्याने सहजी विझत नाही. शिवाय आखूड गाडी वेगात सरळ राहायला कुरकुरते. चाके, ब्रेक, चालकाभोवतीचा पोलादी पिंजरा, सगळे नव्याने करावे लागते. ताई दारात उभी राहून ऐकत होती. तिचा चेहरा मी पाहिला आणि हा विषय आवरता घेतला.

आमच्या मुलखाला असल्या खटपटींचे वावडे नाही. काही वर्षांपूर्वी नांदेड जिल्ह्यात अर्धापूरकडच्या एका तरुण शेतकऱ्याने पेट्रोल परवडेना म्हणून जुन्या दुचाकीला विजेची मोटर जोडली आणि तिच्यावर आपली कामे सुरू केली. त्याही आधी, इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्ण्यांनी १९४० च्या दशकापासून 'मीरा' ही छोटी मोटार घडवायला घेतली, तीस वर्षे एकामागून एक नमुने केले. बारा हजारांच्या आसपास किमतीत मध्यमवर्गीयाला मोटार द्यायची त्यांची जिद्द होती. मीरा कधी कारखान्यातून बाहेर पडली नाही. तिच्याविषयी वाचले की मला अजूनही चुटपुट लागते. एनफील्डला निदान जॉनी स्मिथ भेटला.

संध्याकाळी भाचा आणि मी गाडीपाशी गेलो. मी त्याला म्हटले, "हे बघ, एनफील्ड जन्मापासून विजेची. त्या गृहस्थाने तिचाच धर्म वाढवला. तू दाजींच्या गाडीचा धर्म बदलायला निघालास." तो गप्प राहिला. मग कायद्याकडे वळलो. रस्त्यावर न्यायची असेल तर मान्यताप्राप्त संचच बसवावा लागतो आणि आर. टी. ओ. कडे तशी नोंद करावी लागते. हमरस्त्यावर शर्यत लावणे तर मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाने गुन्हाच आहे. लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर अशा शर्यती झाल्या आहेत, तशी जागा गाठावी लागेल. पण त्याला खरी लागली ती निराळीच गोष्ट. २०२१ च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षे पुरी झालेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदता येते. इंजिनात मोठा फेरबदल केला की तो मान गेला. दाजींची गाडी २०३६ साली पन्नाशीची होईल.

"म्हणजे अकरा-बारा वर्षं नुसती सांभाळायची?" त्याने विचारले.

"नुसती नाही. चालवायची," ताई मागून म्हणाली.

शेवटी असे ठरले की दाजींच्या गाडीला हात लावायचा नाही. भाच्याने भंगारवाल्याकडून अशीच एखादी इंजिन बसलेली ८०० शोधावी आणि आपले प्रयोग तिच्यावर करावेत. पिंजऱ्याचे आणि ब्रेकचे पैसे मामाने द्यावेत. (ही शेवटची अट कोणी आणि केव्हा घातली, मला आठवत नाही.) तसला एक सांगाडा त्याने पाहूनही ठेवला आहे, म्हणतो.

दसऱ्याला मी पुन्हा लातूरला गेलो. गाडी धुऊन पुसून ठेवली होती. ताईने हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली, नारळ फोडला आणि किल्ली भाच्याच्या हातात दिली. त्याने ती फिरवली. नुसता टक् असा आवाज झाला.

बॅटरी उतरली होती. मग मी आणि दोन शेजाऱ्यांनी मिळून गाडी गल्लीच्या टोकापर्यंत ढकलली, तेव्हा कुठे ती सुरू झाली.