शिवी मोजता येते, टोमणा कसा मोजायचा?

‘मूर्खा, गप्प बस!’ आणि ‘आपल्यासारख्यांना मताचा अधिकारच नसावा, असे नम्रपणे सुचवतो.’ ऑनलाइन राजकीय वादातल्या या दोन वाक्यांपैकी जास्त घातक कोणते? दुसऱ्याची भाषा सोज्वळ असली, तरी संशोधकांच्या मोजपट्टीवर तेच अधिक गंभीर ठरू शकते.

हा फरक झिझी पापाचारिसी यांनी २००४ मध्ये मांडला. इंटरनेटवरील राजकीय चर्चांचे २८७ धागे तपासताना त्यांनी उद्धटपणा आणि असभ्यता वेगळी केली. तावातावाने अंगावर जाणे हा उद्धटपणा. दुसऱ्याचे हक्क नाकारणे किंवा एखाद्या समाजाला सरसकट नावे ठेवणे ही असभ्यता, कारण ती लोकशाहीच्या मुळावर येते. बहुतेक संदेशांत यांपैकी काहीच नव्हते.

केव्हिन को, केट केन्स्की आणि स्टीफन रेन्स यांच्या २०१४ च्या अभ्यासात मोजपट्टी वेगळी होती. अमेरिकेतील ‘ॲरिझोना डेली स्टार’ या दैनिकाच्या संकेतस्थळावरील ६,४०० हून अधिक प्रतिक्रियांत त्यांनी पाच खुणा शोधल्या: व्यक्तीला नावे ठेवणे, विचारांची हेटाळणी, खोटारडेपणाचा आरोप, अश्लील शब्द आणि समोरच्याच्या बोलण्याला तुच्छ लेखणे. पाचातल्या एकीहून अधिक प्रतिक्रियांत असभ्यता आढळली. मात्र नेहमी लिहिणाऱ्यांपेक्षा क्वचित लिहिणारेच जास्त घसरले होते.

पण एकाला जी हेटाळणी वाटते, ती दुसऱ्याला थट्टा वाटते. म्हणून तोच मजकूर किमान दोघांना स्वतंत्रपणे तपासायला देतात. योगायोगाने जुळलेली उत्तरे हिशेबात धरून त्यांचे किती जमले, हे ‘क्रिपेनडॉर्फ अल्फा’ या आकड्याने ठरते. पूर्ण एकमत म्हणजे १, साधारण ०.८० च्या पुढे मोजणी भरवशाची मानतात.

आता हे काम यंत्रांनाही शिकवले जाते. पुण्यातील ‘एल-थ्री-क्यूब’ गटाने २०२२ मध्ये २५ हजारांहून अधिक मराठी ट्विट्सची द्वेषपूर्ण, आक्षेपार्ह, अश्लील आणि यांपैकी काहीही नसलेली अशी चार गटांत वर्गवारी केली.

मोजपट्टी चुकली, तर भुर्दंड माणसांना पडतो. २०१९ मधील अमेरिकी संशोधनात आफ्रिकी-अमेरिकी बोलीतील निरुपद्रवी ट्विट्सही यंत्रे अधिक वेळा आक्षेपार्ह ठरवतात, असे दिसले. मराठीतही मालवणी मुलखात जिव्हाळ्याने हासडलेली शिवी यंत्र पकडेल आणि ‘आपण तर फारच विद्वान!’ हा टोमणा बिनदिक्कत पुढे जाऊ देईल. रांगडा माणूस गप्प होईल. सोज्वळ विष मात्र पसरत राहील.