कॅमेऱ्याचे आत सरकणारे भिंग

छत्तीस फोटो काढले आणि छत्तीसच्या छत्तीस बाद झाले! ही फजिती माझीच आहे, म्हणून आधी तीच सांगतो.

मी तेव्हा नववीत होतो. मामाने त्याचा जुना कॅमेरा मला दोन दिवसांसाठी दिला होता. कॅमेरा धातूचा, लहानसा, कोटाच्या खिशात सहज मावेल असा. आमचे आजोबा रोज सकाळी पर्वती चढत. त्या रविवारी मीही त्यांच्याबरोबर गेलो. पायऱ्या चढताना, देवळापाशी टेकलेले, वरून खाली पसरलेले पुणे पाहताना, असे त्यांचे फोटो मी काढले. दर वेळी कॅमेऱ्याच्या खिडकीतून नीट पाहिले, अंतर जुळवले आणि मगच बटण दाबले. खिडकीत आजोबा अगदी स्वच्छ दिसत होते.

चार दिवसांनी फोटोवाल्याने धुतलेली फिल्म हातात ठेवली. तिच्यावर होते नुसते करडे ढग. "काय रे, नळी बाहेर ओढली होतीस का?" त्याने विचारले. मी ओढली नव्हती. मामाने बजावून सांगितले होते आणि मी ते साफ विसरलो होतो. आजोबा त्याच पावसाळ्यात गेले. पर्वतीवरचा त्यांचा एकही फोटो आमच्या घरात नाही.

पण मित्रहो, एक कोडे माझ्या डोक्यात राहून गेले. खिडकीत स्वच्छ दिसत होते, तर फिल्मवर ढग कसे उमटले? आणि नळी बाहेर ओढायला विसरण्याची भीती असेल, तर ती आत सरकणारी करायचीच कशाला? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत. ती आज आपण शोधू.

पन्नास मिलिमीटरची अट

बहिर्गोल भिंगाने भिंतीवर खिडकीची प्रतिमा पाडण्याचा प्रयोग तुम्ही शाळेत केला असेल. भिंग भिंतीपासून एका ठराविक अंतरावर धरले, तरच प्रतिमा स्पष्ट उमटते. दूरच्या वस्तूसाठी हे अंतर म्हणजे भिंगाचे नाभीय अंतर. कॅमेऱ्यात भिंतीच्या जागी फिल्म असते, एवढाच फरक. भिंगाचे नाभीय अंतर ५० मि.मी. असेल, तर दूरच्या डोंगराचा फोटो काढताना भिंग फिल्मपासून ५० मि.मी. दूर असायलाच हवे. ही निसर्गाची अट आहे.

जवळच्या वस्तूसाठी भिंग थोडे पुढे न्यावे लागते. किती? भिंगाचे सूत्र वापरून तुम्हीच गणित करून पाहा. वस्तू १० मीटरवर असेल तर भिंग सुमारे ०.२५ मि.मी. पुढे न्यावे लागते, ३ मीटरवर असेल तर सुमारे ०.८५ मि.मी., आणि १ मीटरवर असेल तर सुमारे २.६ मि.मी. म्हणजे फोटो काढताना भिंगाची सगळी हालचाल तीन मिलिमीटरांच्या आतच असते. पण ते मुळातले ५० मि.मी. काही टळत नाहीत.

आता दुसरी बाजू पाहा. ही अट फक्त फोटो काढण्याच्या क्षणापुरती आहे. बाकीचा सारा वेळ कॅमेरा खिशात किंवा पिशवीत पडलेला असतो. त्या वेळी भिंगाने फिल्मपासून लांब राहण्याची काहीच गरज नसते. जुन्या काळचे खलाशी आपली लांब दुर्बीण एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची बनवत, तेही याच कारणाने. काम असेल तेव्हा लांब, नसेल तेव्हा आखूड!

१९१३ सालची दोन कामे

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' मुंबईत पडद्यावर आला. त्याचे म्हणून मानले जाणारे जे भाग आज शिल्लक आहेत, ते पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपले आहेत. हा चित्रपट ३५ मि.मी. रुंदीच्या फिल्मवर घेतलेला होता.

त्याच सुमारास जर्मनीतील वेट्झलार गावी ऑस्कर बारनाक नावाचा एक कारागीर याच रुंदीच्या फिल्मशी खटपट करीत होता. तो लाइट्झ या सूक्ष्मदर्शक बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. त्याला दम्याचा त्रास होता आणि फिरायला जाऊन फोटो काढण्याची हौसही होती. पण त्या काळचे बरेच कॅमेरे काचेच्या तबकड्यांवर फोटो घेत. कॅमेरा, तबकड्या आणि तिवई असे ओझे घेऊन चढ चढणे त्याला जड जाई.

मोठी तबकडी म्हटली की मोठे नाभीय अंतर आलेच. फोटोत दृश्य नैसर्गिक दिसावे यासाठी भिंगाचे नाभीय अंतर साधारणपणे फिल्मच्या चौकटीच्या कर्णाएवढे ठेवतात. सुमारे १२ × १६.५ सें.मी.च्या तबकडीचा कर्ण २० सें.मी.हून जास्त भरतो. म्हणजे भिंग तबकडीपासून जवळजवळ वीतभर पुढे! म्हणून त्या कॅमेऱ्यांना घडी पडणारा चामडी किंवा कापडी भाता असे.

बारनाकने फिल्मच छोटी केली. चित्रपटाची एक चौकट १८ × २४ मि.मी. असे. त्याने ती दुप्पट केली आणि २४ × ३६ मि.मी.ची चौकट घेतली. तिचा कर्ण सुमारे ४३ मि.मी. भरतो. त्यामुळे ५० मि.मी.चे भिंग पुरेसे झाले. मॅक्स बेरेक या शास्त्रज्ञाने त्यासाठी भिंग आखले आणि १९२५ साली 'लायका' या नावाने हा कॅमेरा बाजारात आला. त्याचे भिंग एका पितळी नळीत बसवलेले होते. नळी ओढायची, थोडी फिरवून अडकवायची आणि फोटो काढायचा. काम झाले की उलट फिरवून आत ढकलायची.

भात्याला घड्यांपाशी चिरा पडतात आणि त्यातून आत प्रकाश शिरतो. पितळी नळीला ती भीती नाही. शिवाय ती ताठ असते, म्हणून भिंग फिल्मला समांतर राहते.

आतली रिकामी खोली

नळी आत जाते खरी, पण आत म्हणजे कुठे? या घराण्यातल्या जुन्या कॅमेऱ्यांत, भिंग जिथे बसवतात ती कडी फिल्मपासून २८.८ मि.मी. अंतरावर असते. ५० मधून २८.८ वजा केले की उरतात २१.२ मि.मी. साधारण तेवढे भिंगाला कडीच्या बाहेर डोकवावे लागते. आणि कडीच्या आत? शटरचे पडदे फिल्मला अगदी लागून असतात. त्यांच्या पुढची सगळी जागा म्हणजे एक रिकामी काळी खोली असते. नळी त्या खोलीत शिरून बसते.

सगळ्याच कॅमेऱ्यांत असे करता येत नाही. भिंगातून आलेले दृश्यच आरशाने वर वळवून दाखवणारा कॅमेरा तुम्ही पाहिला असेल. त्याला एसएलआर म्हणतात. त्याच्या त्या खोलीत आरसा असतो आणि तो फटकन वर उचलला जाण्यासाठी मोकळी जागा लागते. भिंगाची नळी आत आली तर आरशावरच आदळेल!

मग ज्या कॅमेऱ्यात आरसाच नाही, त्यात समोरचे दृश्य दिसते कसे? त्यासाठी वेगळी खिडकी असते. आणि माझ्या फजितीचे मूळ इथेच आहे.

खिडकी काय सांगते?

हात लांब करून अंगठा उभा धरा. आधी उजवा डोळा मिटा, मग डावा. मागच्या भिंतीवर अंगठा इकडून तिकडे उडी मारताना दिसेल. अंगठा नाकाजवळ आणला तर उडी मोठी, दूर नेला तर लहान. दोन जागांवरून पाहिले की वस्तूच्या दिशेत फरक पडतो आणि त्या फरकावरून अंतर काढता येते. भूमापन करणारे हेच तत्त्व वापरतात.

१९३२ सालच्या लायकात हे तत्त्व कॅमेऱ्यातच बसवले गेले. अशा कॅमेऱ्याला रेंजफाइंडर कॅमेरा म्हणतात. त्याच्या अंगावर दोन छोट्या खिडक्या असतात. आतल्या आरशांमुळे दोन्ही खिडक्यांतली चित्रे एकावर एक दिसतात. भिंगाची कडी फिरवली की एक चित्र सरकू लागते. समजा, दोन खिडक्यांमध्ये ४ सें.मी. अंतर आहे. वस्तू १ मीटरवर असेल तर दोन्ही दिशांत सुमारे २.३ अंशांचा कोन असतो, १० मीटरवर असेल तर त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा. दोन चित्रे जुळून एक झाली की अंतर बरोबर साधले असे समजायचे.

आता नीट लक्ष द्या. कडी फिरवली की तिच्याबरोबर भिंगाचे बूड किंचित मागेपुढे होते. ते बूड आतल्या एका दांडीला रेटते आणि दांडी आरसा वळवते. पण आत सरकणारी नळी या बुडापेक्षा वेगळी आहे. नळी आत असली तरी बूड आपल्या जागी असते. म्हणून दांडी बरोबर ढकलली जाते, आरसा बरोबर वळतो आणि खिडकीत दोन आजोबांचे एक आजोबा होतात!

थोडक्यात, खिडकी वस्तूचे अंतर सांगते. फिल्मवर काय उमटणार आहे, ते तिला ठाऊकच नसते. एसएलआरमध्ये ही चूक पहिल्या नजरेतच कळली असती, कारण तिथे भिंगातूनच पाहायचे असते. पण एसएलआरमध्ये नळी आत सरकवायला जागाही नसते. ज्या रचनेमुळे भिंग आत मावते, त्याच रचनेमुळे ते आत राहिल्याचे कळत नाही.

ढग किती मोठे?

माझ्या फोटोंचे काय झाले, ते आकड्यांत पाहू. समजा, नळी २० मि.मी. आत होती, म्हणजे भिंग ५० ऐवजी ३० मि.मी. अंतरावर होते. उन्हात मी छिद्र एफ ८ ठेवले होते. याचा अर्थ छिद्राचा व्यास ५० भागिले ८, म्हणजे ६.२५ मि.मी. दूरच्या एका बिंदूपासून आलेले किरण भिंगानंतर शंकूसारखे निमुळते होत जातात आणि ५० मि.मी.वर एका टोकाशी मिळतात. फिल्म ३० मि.मी.वरच आडवी आली, तर तिथे शंकूची रुंदी पाचास दोन या प्रमाणात शिल्लक असते. ६.२५ चे दोन पंचमांश म्हणजे २.५ मि.मी. थोडक्यात, प्रत्येक बिंदूच्या जागी अडीच मिलिमीटरचा ठिपका!

आजोबा ३ मीटरवर होते. माणसाच्या दोन डोळ्यांतले अंतर सुमारे ६ सें.मी. धरले, तर भिंग नीट जागेवर असतानाही फिल्मवर ते जेमतेम १ मि.मी. येते. म्हणजे दोन्ही डोळ्यांचे ठिपके एकमेकांत मिसळून गेले. मग ओळख कशी राहणार? छिद्र एफ १६ ठेवले असते तर चेहरा वाचला असता का? हे गणित तुमच्यासाठी.

लहानपणाची किंमत

विसरण्याची भीती सोडली, तरी या भिंगाला आणखी एक किंमत मोजावी लागते. भिंग लहान ठेवायचे तर त्याच्या काचाही लहान ठेवाव्या लागतात. बेरेकच्या त्या प्रसिद्ध भिंगाचे मोठ्यात मोठे छिद्र एफ ३.५ होते. व्यास सुमारे १४ मि.मी., साधारण आपल्या करंगळीच्या जाडीएवढा. एफ २ च्या भिंगाला २५ मि.मी. व्यास लागतो आणि ते तिपटीने प्रकाश आत घेते. पुढे १९३० नंतरच्या दशकात एफ २ ची आत सरकणारी भिंगेही निघाली, पण ती अंगाने जाड होती. संध्याकाळी घरातल्या दिव्याखाली फोटो काढायचा असेल, तर लहान भिंग कमी पडते. सकाळच्या उन्हात पर्वतीवर मात्र छिद्र एफ ८ वरच ठेवायचे असते. तिथे मोठ्या भिंगाचे जादा वजन वाहून काही लाभ नाही.

नळी वर्षानुवर्षे सरकवून सैल झाली, तर भिंग किंचित कलते आणि फोटोची एक बाजू पुसट येते. जुना कॅमेरा हाती आला तर नळी ओढून, अडकवून हलकेच हलवून पाहावी. ती डुगडुगता कामा नये.

इतके असूनही लोक हे भिंग पसंत करत आणि आजही त्याचे चाहते आहेत. का? कारण कॅमेरा खिशात मावला तर तो बरोबर नेला जातो, आणि बरोबर असलेल्या कॅमेऱ्यानेच फोटो निघतो. मामाचा कॅमेरा लहान नसता, तर त्या सकाळी मी तो पर्वतीवर नेलाच नसता.

तुम्ही करून पाहा

एक साधे हातभिंग, जाड पुठ्ठा आणि पतंगाचा किंवा ट्रेसिंगचा कागद घ्या. पुठ्ठ्याच्या एकात एक बसणाऱ्या दोन नळ्या करा. बाहेरच्या नळीच्या तोंडाशी भिंग बसवा, आतल्या नळीच्या तोंडाशी कागद ताणून चिकटवा. भिंग खिडकीबाहेरच्या झाडाकडे रोखा. नळी सरकवत जा. झाडाची उलटी प्रतिमा स्पष्ट दिसेल त्या जागी पेन्सिलीने खूण करा. आता नळी आत ढकला आणि झाडाचा ढग कसा होतो ते पाहा. मग भिंगापुढे लहान भोक पाडलेला पुठ्ठा धरा. ढग लहान होतो की नाही? प्रकाश किती कमी झाला, तेही पाहा. मात्र भिंग सूर्याकडे कधीही रोखू नका.

आज मोबाइल फोनमध्ये कॅमेरा असतो. त्यात फिल्मच्या जागी एक छोटीशी चकती असते आणि भिंगाचे नाभीय अंतर अवघे काही मिलिमीटर असते. तरीही पुष्कळ फोनच्या पाठीवर भिंगापाशी एक उंचवटा आलेला दिसतो. त्यावरून बोट फिरवून पाहा. भिंगाला प्रतिमेपासून ठराविक अंतर लागतेच, ही अट तिथेही सुटलेली नाही.

मामाचा तो कॅमेरा आता माझ्याकडे आहे. तो हातात घेतला की मी खिडकीतून पाहण्याआधी नळी ओढतो, फिरवतो आणि अडकली की नाही ते बोटाने चाचपून पाहतो.