बॉडलेचा बंदोबस्त

ग्रंथपालांच्या मंडळींनी परदेशी अभ्यासदौरा काढला म्हणजे वास्तूंची भव्यता डोळे भरून पाहावी आणि परतावे असा प्रघात पडू पाहत आहे; परंतु ऑक्सफर्ड, हेरफर्ड आणि मँचेस्टर या क्रमाने आमचा जथा इंग्लंडात हिंडला तेव्हा दगडी कमानींहूनही अधिक मनात भरली ती तेथील जुन्या ग्रंथालयांची वहिवाट.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या बॉडलियन ग्रंथालयाची हकीकत एका विध्वंसापासून सांगावी लागते. पाचव्या हेन्री राजाचा भाऊ, ग्लॉस्टरचा ड्यूक हंफ्री, याने विद्यापीठाला अडीचशेंहून अधिक हस्तलिखिते अर्पण केली, त्यांच्यासाठी डिव्हिनिटी स्कूलच्या माथ्यावर बांधलेले दालन 1488 मध्ये खुले झाले, आणि पुरती सत्तर वर्षे लोटण्यापूर्वीच धर्मसुधारणेच्या लाटेत ग्रंथांची वाताहत होऊन 1556 मध्ये विद्यापीठाने रिकामे सामानसुद्धा विकून टाकले. दात्याचे औदार्य तोकडे नव्हते. मागे राखण करणारी व्यवस्था नव्हती.

हे वर्म थॉमस बॉडलेने ओळखले. एलिझाबेथ राणीचा हेग येथील वकील म्हणून दरबारी व्यवहारात मुरलेल्या आणि एका धनाढ्य विधवेशी विवाह झाल्यामुळे संपन्न झालेल्या या गृहस्थाने 1598 मध्ये ते दालन स्वखर्चाने सावरण्याची तयारी दर्शविली, 1602 मध्ये ते वाचकांना उघडून दिले, कायम उत्पन्नासाठी जमीनजुमल्याची तजवीज केली, आणि 1610 मध्ये लंडनच्या स्टेशनर्स कंपनीशी असा करारनामा घडवून आणला की, तिच्या दप्तरी नोंदल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या पुस्तकाची एक प्रत ग्रंथालयाला विनामूल्य मिळावी. त्याच्या साऱ्या दानाहून हा करारनामा मला मोठा वाटतो. स्वतः बॉडले नाटकांना कचरा समजे. तरीही त्याच्या मृत्यूनंतर शेक्सपिअरच्या नाटकांचा 1623 चा पहिला संग्रह त्याच्याच ग्रंथालयात आला, तो या करारामुळे. पुढे कोणी तो अनावश्यक ठरवून काढून टाकला, आणि 1906 मध्ये तीच प्रत लोकवर्गणी करून तीन हजार पौंडांना परत घ्यावी लागली!

पुस्तक दालनाबाहेर जाऊ द्यायचे नाही, हा बॉडलेचा दुसरा दंडक. यादवी युद्धात पहिल्या चार्ल्सचा दरबार ऑक्सफर्डात असताना, 1645 मध्ये, राजाने एक ग्रंथ मागविला. ग्रंथपाल जॉन राउस याने ग्रंथाऐवजी नियमांची वही पुढे केली आणि राजानेही संस्थापकाच्या इच्छेचा मान राखला. आत विस्तव न आणण्याची प्रतिज्ञा नव्या वाचकाकडून घेण्याचा रिवाज अद्याप चालू आहे.

हेरफर्डच्या कॅथीड्रलात 1611 च्या सुमाराची साखळीबंद कपाटे आहेत. तेथे पुस्तकांची पाठ आत आणि पानांची कड बाहेर पाहून आम्ही प्रथम बुचकळ्यात पडलो. साखळी पुठ्ठ्याच्या मोकळ्या कडेला जडविलेली, तिच्या दुसऱ्या टोकाची कडी कपाटाच्या लोखंडी गजात ओवलेली, आणि गजाला टोकाशी कुलूप. या मांडणीमुळे पुस्तक फळीवरून उचलून, न फिरविता, खालच्या उतरत्या मेजावर थेट उघडता येते व साखळीला पीळ पडत नाही. बंधन आणि वाचकाची सोय यांचा इतका नेटका मेळ अन्यत्र क्वचितच आढळेल.

मँचेस्टरला हंफ्री चेटम या व्यापाऱ्याच्या मृत्युपत्रान्वये 1653 मध्ये स्थापन झालेले ग्रंथालय पाहिले. 1845 च्या उन्हाळ्यात मार्क्स व एंगल्स जेथे वाचत बसत, ती खिडकीजवळची जागा तेथे दाखवितात.

बॉडलेच्या करारनाम्याचे तत्त्व आपल्याकडेही कायद्यात आलेले आहे. 1954 च्या ग्रंथप्रदान कायद्यान्वये प्रत्येक प्रकाशकाने पुस्तक निघाल्यापासून तीस दिवसांच्या आत स्वखर्चाने एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाकडे, आणि मुंबईच्या मध्यवर्ती ग्रंथालयासह अन्य नेमलेल्या ग्रंथालयांकडेही एकेक प्रत पाठवावयाची आहे. मराठी प्रकाशकांना, विशेषतः तालुक्याच्या गावी स्वतःचे पुस्तक स्वतःच छापणाऱ्या लेखकांना, माझी आग्रहाची विनंती आहे की, प्रकाशनसमारंभाच्या निमंत्रणपत्रिका धाडण्यापूर्वी या प्रती टपालात टाकाव्यात.