फिरतें घर आणि मुक्कामाची वर्गणी

गेल्या माघांत आमच्या पुतण्याचें अमेरिकेहून पत्र आलें. पत्र म्हणावयाचें तें जुन्या संवयीनें. वास्तविक तो फोनवर आलेला लेखी निरोप होता. "काका, आई इकडे परत आली म्हणजे जूनमध्यें तिला घेऊन आम्ही सर्वजण बारा रात्रींच्या प्रवासास निघणार आहों. त्यासाठीं फिरतें घर भाड्यानें घेतलें आहे. मुक्कामाच्या तळांवर सवलत देणाऱ्या कांहीं मंडळांचीं माहितीपत्रकें सोबत पाठवितों. वर्गणी भरावी कीं नाहीं, तें तुम्ही हिशेब करून कळवा. ह्या वेळीं तुम्हांला विचारल्यावांचून पैसे भरणार नाहीं."

ह्यांतील शेवटच्या वाक्याचा अर्थ आमच्या घरांत सर्वांस कळला. वाचकांस तो पुढें कळेल.

फिरतें घर म्हणजे शेगडी, निजावयाच्या फळ्या, पाण्याची टांकी व शौचकूप ह्यांसह बांधलेली मोठी मोटार. ही कल्पना आपणांस अगदींच परकी आहे असें नाहीं. आम्ही राहतों त्या खाम नदीपलीकडील वस्तीचें नांवच मुळीं छावणी. आलमगीर बादशहाच्या काश्मीरच्या स्वारीचें वर्णन बर्निए ह्या फ्रेंच वैद्यानें लिहून ठेविलें आहे. बादशहाच्या तंबूंचे दोन संच असत. एकांत बादशहाचा मुक्काम असतांना दुसरा पुढच्या तळावर जाऊन उभा राही. व्यापाऱ्यांच्या फिरत्या तांड्यास संस्कृतांत 'सार्थ' असें नांव आहे. जो अर्थासह, म्हणजे द्रव्यासह चालतो, तो सार्थ. आणि अर्थ म्हणजे प्रयोजनहि. द्रव्य आणि प्रयोजन ह्या दोहोंचा मेळ बसला तरच प्रवास सार्थ, एवढें ध्यानांत ठेवून हिशेबाकडे वळूं.

फिरतें घर कोठेंहि उभें करतां येत नाहीं. त्यास वीज, पाणी आणि सांडपाणी सोडावयाची सोय लागते. अशा सोयीचे हजारों तळ अमेरिकेंत आहेत आणि ते रात्रीमागें भाडें घेतात. तें भाडें कमी करून देणारीं जीं मंडळें आहेत, त्यांचे मुख्यतः तीन वर्ग पडतात.

पहिला वर्ग लहान वार्षिक वर्गणीचा. १९६६ सालीं स्थापन झालेला 'गुड सॅम क्लब' आपल्याशीं संलग्न तळांवर शेंकडा १० सूट देतो. 'पासपोर्ट अमेरिका' नांवाचें मंडळ शेंकडा ५० सूट देतें. पण ती प्रत्येक तळाच्या अटींवर अवलंबून असते. दुसरा वर्ग 'हार्वेस्ट होस्ट्स'सारख्या संस्थांचा. येथें सभासदास शेतावर किंवा द्राक्षमळ्यांत बहुधा एक रात्र भाड्यावांचून उभें राहतां येतें. मात्र यजमानाच्या दुकानांतून कांहीं खरेदी करावी अशी अपेक्षा असते, आणि गाडींत स्वतःचें शौचकूप असावें लागतें. तिसरा वर्ग मोठ्या रकमेच्या व दीर्घ मुदतीच्या करारांचा. १९६९ पासून चालत आलेली 'थाउजंड ट्रेल्स' ही संस्था ह्या प्रकारांत प्रसिद्ध आहे. वर्षाचे कित्येक महिने फिरत्या घरांतच राहणाऱ्या मनुष्यास असा करार स्वस्त पडूं शकतो. बारा रात्रींच्या पाहुण्यास तो पडणार नाहीं, हें सांगावयास गणिती लागत नाहीं.

आतां तळाचा मालक निम्मे भाडें सोडतो तें कोणत्या औदार्यानें? तळावर ५० जागा आहेत आणि मंगळवारीं त्यांतील २० रिकाम्या राहिल्या असें समजा. त्या रात्रीचें तेवढें उत्पन्न कायमचें बुडालें. रिकाम्या जागेपेक्षां अर्धें भाडें बरें, म्हणून तो सवलतीस तयार होतो. परंतु सणाच्या दिवशीं आणि शनिवार-रविवारीं जागा पूर्ण भाड्यानें भरतात. मग त्या दिवशीं सूट कां द्यावी? माहितीपत्रकांतील बारीक अक्षरांचा सारा उगम येथें आहे. ह्यांत लबाडी नाहीं. सवलत म्हणजे विक्रेत्याची पडीक वेळ. ती आपल्या सोयीच्या वेळेशीं जुळते कीं नाहीं, एवढेंच ग्राहकानें पाहावयाचें असतें.

मीं पुतण्याकडून बारा मुक्कामांची यादी मागविली आणि पाटी-पेन्सिल घेऊन बसलों. साध्या तळाचें भाडें रात्रीं ५० डॉलर धरलें, वर्गणीहि वर्षाची ५० डॉलर धरली. शेंकडा ५० सूट म्हणजे रात्रीमागें २५ डॉलर वांचले. दोन रात्रींत वर्गणी फिटली. माहितीपत्रकहि हेंच सांगतें आणि तें खोटें नाहीं. पण बारा रात्रींपैकीं पांच रात्री ग्रँड कॅनियन, झायन आणि ब्राइस ह्या राष्ट्रीय उद्यानांच्या सरकारी तळांवर होत्या. तेथें हें कार्ड चालत नाहीं. एक रात्र स्नेह्याच्या अंगणांत. दोन रात्री शनिवार-रविवारच्या, म्हणून सवलतीबाहेर. उरल्या चार. त्यांतील एका ठिकाणीं संलग्न तळच नव्हता. दुसऱ्या ठिकाणीं तो वाटेपासून ३० मैल आंत होता, म्हणजे जाऊन-येऊन ६० मैल. एवढी मोठी गाडी एका गॅलनांत आठ मैल चालते असें धरलें तर साडेसात गॅलन तेल लागलें, आणि गॅलनास चार डॉलर धरले तर ३० डॉलर झाले. पंचवीस वांचविण्यासाठीं तीस खर्चावयाचे! राहिल्या दोन रात्री. दोन पंचवीस पन्नास. वर्गणी ५० आणि बचतहि ५०. शेंकडा १० सुटीच्या कार्डाचा हिशेब तर करावाच लागला नाहीं.

ह्यावरून रीत अशी निघते. वर्गणीस एका रात्रीच्या खऱ्या बचतीनें भागावें. जो भागाकार येईल तितक्या रात्री त्याच जागीं, त्याच दिवशीं, कार्ड नसतें तरीहि आपण राहिलों असतों काय, असें स्वतःस विचारावें. उत्तर 'होय' आलें तर वर्गणी अवश्य भरावी. 'कार्ड आहे म्हणून राहूं' असें आलें तर ती बचत नव्हे, तो नवा खर्च होय. तसेंच वर्षाच्या शेवटीं वर्गणी आपोआप पुन्हां कापली जाणार आहे काय, हेंहि आरंभींच पाहून ठेवावें.

आतां त्या शेवटच्या वाक्याविषयीं. आमचे दादा सरकारी नोकरींतून निवृत्त झाले तेव्हां ग्रॅच्युइटीची रक्कम त्यांच्या हातीं आली. थोड्याच दिवसांत त्यांच्या नांवाची भाग्यवान चिठ्ठी निघाल्याचा फोन आला आणि त्यांस वहिनींसह एका हॉटेलांत भोजनाचें निमंत्रण मिळालें. भोजनाआधीं तीन तास पडद्यावर समुद्र, डोंगर आणि हंसणारीं कुटुंबें दाखविण्यांत आलीं. हा दर केवळ आजच्या दिवसापुरता, असें सांगितलें गेलें. आयुष्यभर दुसऱ्यांच्या कागदांवरील एकेक ओळ वाचून सही करणाऱ्या दादांनीं स्वतःचा कागद मात्र न वाचतां सही केली. साडेतीन लाख रुपये. पंचवीस वर्षें, दरवर्षीं सात रात्री. शिवाय देखभालीचें वार्षिक शुल्क १४,००० रुपये. तें त्या रात्रीं ओझरतें सांगितलें होतें.

दादांच्या मनांत लोभ नव्हता. आमचें घर चौदा माणसांचें. सर्वांनीं मिळून कोठें तरी जावें ही त्यांची फार दिवसांची इच्छा. पण खोली एक आणि तींत माणसें चार. मे महिन्यांत मुलांस सुटी, तर मे महिन्यांत जागा नाहीं. अकरा वर्षांत तीन वेळां मिळून अठरा रात्री ते राहून आले, तेहि चौघेचौघेच. एकंदर खर्च किती झाला? मूळ ३,५०,००० आणि अकरा वर्षांचें शुल्क १,५४,००० मिळून ५,०४,००० रुपये. अठरांनीं भागिलें तर रात्रीस २८,००० रुपये. हा भागाकार दादांच्या हयातींत मीं केला नाहीं, आणि त्यांनीं माझ्यापाशीं काढला नाहीं. पाठचा भाऊ गणिताचा मास्तर; त्याच्यापुढें चूक कबूल करणें त्यांस जड गेलें असेल. ते शुल्क निवृत्तिवेतनांतून मुकाट्यानें भरीत राहिले. ते गेल्यावर महिन्याच्या आंतच त्यांच्या नांवें थकबाकीचें पत्र आलें, तेव्हां सर्व उलगडा झाला. वहिनींनीं तें पत्र माझ्या हातांत दिलें आणि एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, ह्यांना सगळ्यांना न्यायचं होतं हो." पुष्कळ पत्रव्यवहारानंतर पुढील मागणी थांबली, गेलेले पैसे गेले.

दोष त्या कंपनीचा किती आणि आमचा किती, ह्याचा विचार मीं पुष्कळ केला. घरांत दहा सुशिक्षित माणसें असतां दादांस एकट्यानें सही करावी असें वाटलें, हा आमचाहि दोष होय. एकत्र कुटुंबाचा लाभ केवळ एका चुलीचा नव्हे, एका विचाराचाहि असावयास पाहिजे. म्हणून आमच्या घरीं आतां नियम आहे: एका वर्षापेक्षां अधिक मुदतीचा कोणताहि करार दोन दिवस घरांत राहिला पाहिजे आणि दोघांनीं वाचला पाहिजे. जो दर दोन दिवस थांबूं शकत नाहीं, तो आपल्यासाठीं नाहीं.

कायद्याचें साह्यहि वाचकांस ठाऊक असावें. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यांत ग्राहकावर एकतर्फीं बोजा लादणाऱ्या अन्याय्य करारांस आव्हान देण्याची तरतूद आहे; असे करार राज्य आयोगापुढें नेतां येतात. सेवेंतील उणिवेबद्दलची तक्रार, दिलेला मोबदला ५० लाखांपर्यंत असल्यास, जिल्हा आयोगाकडे करतां येते, आणि ५ लाखांपर्यंत तीस शुल्क नाहीं. मात्र सामान्यतः कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आंत ती केली पाहिजे. भिडेखातर गप्प बसणाऱ्याची दोन वर्षें केव्हां सरतात तें कळत नाहीं. प्राथमिक सल्ल्यासाठीं १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक साहाय्याचा क्रमांक आहे.

हीच रीत आपल्याकडील योजनांसहि लावून पाहावी. राष्ट्रीय महामार्गांवरील टोलासाठीं १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी मोटारींस वार्षिक फास्टॅग पास निघाला. आरंभीं ३,००० रुपयांत २०० फेऱ्या, म्हणजे नाक्यामागें १५ रुपये. हा फार स्वस्त व्यवहार. पण समृद्धी महामार्ग राज्याचा असल्यानें तेथें तो चालत नाहीं. आमच्या शहरांतून केवळ समृद्धीनें नागपुरास जाणाऱ्यानें तो घेऊन काय करावें? एस.टी.ची 'आवडेल तेथे प्रवास' ही चार व सात दिवसांच्या पासाची योजना खरोखर फिरणाऱ्यास उत्तम. एका गांवीं जाऊन चार दिवस राहणाऱ्यास व्यर्थ. महाराष्ट्र शासनानेंहि २०२१ मध्यें फिरत्या घरांच्या पर्यटनाचें धोरण जाहीर केलें आहे. त्या निमित्तानें उद्यां आपल्या दारींहि सभासदत्वाचीं माहितीपत्रकें आलीं, तर भागाकाराची ही रीत हाताशीं असूं द्यावी.

आणि सर्वांत जुनें उदाहरण तर पैठणच्या वाटेवर आहे. आषाढीच्या वारींत दिंडीस जी भिशी द्यावयाची, ती एक प्रकारें मुक्कामाची वर्गणीच. भिशी आरंभीं भरली म्हणजे जेवण, राहुटी आणि सामानाची गाडी ह्यांची व्यवस्था दिंडी पाहते. वाट ठरलेली, तळ ठरलेले, तिथि ठरलेली. वारकरी प्रत्येक रात्रीं तेथेंच राहणार. भरलेल्या पैशांतील एक रात्रहि वायां जात नाहीं. ज्या वर्गणींत आपली वाट आणि देणाऱ्याची सोय अशा एक होतात, ती डोळे मिटून भरावी.

असो. पुतण्यास मीं कळविलें कीं माहितीपत्रकें बाजूस ठेव आणि तुझ्या आईचें वय लक्षांत घे. अमेरिकेच्या सरकारी उद्यानांत ६२ वर्षें पुरीं झालेल्या नागरिकांस व कायमच्या रहिवाशांस ज्येष्ठांचा पास मिळतो: वर्षाचा २० डॉलरांस, जन्माचा ८० डॉलरांस. जन्माच्या पासाची किंमत २०१७ पर्यंत अवघी १० डॉलर होती. पासधारकासोबत त्याच खासगी गाडींतील मंडळींस प्रवेश मिळतो, आणि अनेक सरकारी तळांवर मुक्कामाच्या भाड्यांत निम्मी सूट असते. केवळ पाहुणे म्हणून गेलेल्या आईबापांस तो मिळत नाहीं. पण वहिनींस तेथील कायम वास्तव्याचा परवाना आहे आणि त्यांचें वय ७१. तीन उद्यानांचें प्रवेशशुल्क गाडीमागें प्रत्येकीं ३५ प्रमाणें १०५ डॉलर वांचलें. पांच रात्रींचें भाडें सरासरी ३० धरून ७५ वांचले. पासाचे २० वजा जातां निव्वळ लाभ १६० डॉलर!

पुतण्या म्हणत होता कीं आईसाठीं जन्माचाच पास घेऊं. वहिनी म्हणाल्या, "एका वर्षाचाच घे. पुढचं पुढच्या वर्षीं बघूं." हिशेबानेंहि त्यांचेंच बरोबर ठरतें, कारण चार वार्षिक पास साठले कीं त्यांच्या बदल्यांत जन्माचा पास मिळतो, म्हणजे आज घाई करून कांहीं अधिक मिळावयाचें नव्हतें. त्यांनीं हा नियम वाचला नव्हता. अकरा वर्षें शेजारीं बसून जें पाहिलें, त्यावरून त्यांस तो कळला होता.

ग्रँड कॅनियनच्या कड्यावर सर्वांनीं मिळून काढलेलें छायाचित्र आतां आमच्या ओसरीवर आहे. त्यांत नऊ माणसें आहेत. वहिनी मध्यें उभ्या आहेत आणि त्यांच्या हातांत तो पास आहे.