पाऊस, लोकल आणि अठ्ठेचाळीस कस्टर्ड

पहाटे चार वाजता तुमच्यापैकी कोण कोण उठतं? हात वर करा पाहू! सहलीच्या दिवशीचं सांगू नका हं. रोजचं सांगा.

डोंबिवलीची एक ताई रोज चारला उठते. ही ताई चौथीत माझ्या वर्गात होती. तेव्हा मधल्या सुट्टीत सगळ्यांच्या डब्यात काय आहे हे तिला न उघडता वासावरून कळायचं! आता ती हॉटेल मॅनेजमेंट शिकते आहे. या शिक्षणात काही महिने खऱ्याखुऱ्या हॉटेलात जाऊन काम करावं लागतं. तशी ती दक्षिण मुंबईतल्या एका मोठ्या हॉटेलात शिकाऊ म्हणून जाते. हॉटेलच्या भाषेत 'ट्रेनी'. तिचा विभाग बेकरीचा. केक, पेस्ट्री, पुडिंग, पाव, सगळं तिथे तयार होतं.

"मज्जा आहे बुवा! दिवसभर केक खायचे!" असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं होतं. ताई हसून म्हणाली, "बाई, पहिला महिनाभर मी फक्त अंडी फोडली आणि ट्रे घासले."

अंडी फोडायची म्हणजे कशी, तर प्रत्येक अंडं आधी एका छोट्या वाटीत फोडायचं, बघायचं, वास घ्यायचा आणि मगच मोठ्या पातेल्यात ओतायचं. एक खराब निघालं तर तीस चांगली वाया जायला नकोत. घरी आजीही असंच करते, पाहिलंय का?

ताईच्या बाबांना मात्र हे फारसं पसंत नव्हतं. "घरी कुकर लावायला सांगितला तर अभ्यास आठवतो, आणि तिथे जाऊन भांडी घासायची?" असं ते म्हणायचे. त्यामुळे एका सोमवारी संध्याकाळी शेफ जेव्हा म्हणाले, "उद्या दुपारच्या मेजवानीचं कॅरॅमल कस्टर्ड तू एकटीने करायचं. ४८ वाट्या. साडेबाराला पानं वाढायची आहेत," तेव्हा ताईला आनंदाने झोपच येईना. बाबांना तिने मुद्दाम दोनदा सांगितलं.

आणि नेमका त्याच रात्री पाऊस सुरू झाला. जुलैमधला पाऊस. तो काय असतो हे मुंबईकरांना सांगायला नकोच.

सव्वापाचच्या सुमाराची गाडी ताईने पकडली. पाठीवर सॅक. सॅकमध्ये दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेला पांढरा कोट, एप्रन, टोपी, आणि ट्रेनिंगची वही. या वहीत रोज काय काम केलं ते लिहून वरिष्ठांची सही घ्यावी लागते. कॉलेजात ती दाखवल्याशिवाय ट्रेनिंग पूर्ण झालं असं धरत नाहीत.

ठाणं गेलं, मुलुंड गेलं, कुर्लाही गेलं. आणि कुर्ला-सायनच्या मध्ये गाडी थांबली ती थांबलीच! डब्यातले पंखे बंद. बाहेर बघावं तर रूळ दिसेनात, नुसतं तांबूस पाणी.

आता हे इथेच का होतं? आपल्या देशातली पहिली प्रवासी आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला गेली. ३४ किलोमीटर. ती याच भागातून गेली होती. हा पट्टा सखल आहे, मिठी नदीही जवळच. जोराचा पाऊस आणि समुद्राची भरती एकाच वेळी आली की पाण्याला वाहून जायला वाटच राहत नाही. लोकलच्या विजेच्या मोटारी डब्यांच्या खाली, चाकांजवळ असतात. रुळांवर पाणी चढलं की ते मोटारीत जाण्याची भीती. म्हणून मोटरमन गाडी थांबवतो. आपण चिडतो, पण तो आपल्याच भल्यासाठी थांबलेला असतो.

दहा मिनिटं झाली, वीस झाली. पुढच्या डब्यातून काही जण खाली उड्या मारून पाण्यातून चालू लागले. ताईही दाराशी आली. सायन समोर दिसत होतं! ४८ वाट्या डोळ्यांपुढे नाचत होत्या. एवढ्यात मागून कुणीतरी तिची सॅक घट्ट धरली.

"कुठं चाललीस पोरी?" रोज त्याच डब्यातून जाणाऱ्या एक मावशी होत्या. "खाली गटाराचं झाकण उघडं आहे की काय, तुला दिसतंय का? बाजूच्या रुळावर गाडी आली म्हंजे? बस इथं गप."

ताई बसली. तिने शेफना फोन लावला. तिला वाटलं, आता बोलणी बसणार. शेफ एवढंच म्हणाले, "इकडेही निम्मे लोक आलेले नाहीत. रुळांवर उतरू नकोस. येशील तेव्हा ये."

मावशींनी डब्यातली भाकरी काढली, अर्धी ताईच्या हातावर ठेवली. सोबत लसणाची चटणी. ताई म्हणते, "त्या दिवशी मी शंभरेक पदार्थांच्या वासात होते, पण लक्षात राहिली ती चटणी!"

तासाभराने गाडी मुंगीच्या पावलाने निघाली आणि दादरला येऊन पुन्हा थांबली. ताईने पूल ओलांडला, पश्चिम रेल्वेची गाडी धरली, चर्चगेटला उतरली आणि पोटरीभर पाण्यातून चालत हॉटेल गाठलं. घड्याळात आठ पंचवीस! सात वाजता कामाला लागायचं होतं. कोट कोरडा राहिला होता. वहीचा मात्र पार लगदा होण्याच्या बेतात.

आत गेल्यावर तिने पाहिलं, रात्रपाळीचे दोन कारागीर घरी न जाता कणीक मळत उभे होते. सकाळच्या नाश्त्याचे पाव रात्रीच भाजावे लागतात, म्हणून बेकरीत रात्रपाळी असते. गाड्या बंद, बदली माणसं आली नाहीत, मग हे दोघे थांबले. त्यांच्याकडे बघून ताईला दमलेलं असल्याचं बोलायची सोय राहिली नाही.

लगेच हात धुतले, केसांना जाळी, आणि कामाला सुरुवात. ४ लिटर दूध, ३२ अंडी, ८०० ग्रॅम साखर. शिवाय कॅरॅमलसाठी वेगळी साखर. कॅरॅमल म्हणजे काय, तर साखर जाळायची, पण करपू द्यायची नाही. एकतारी पाक, गोळीबंद पाक हे तुम्ही घरी ऐकलं असेल. त्याच्याही पुढे साखर तापवत गेलं, की साधारण १६०-१७० अंशांना ती मधासारखी सोनेरी-तांबूस होते. आणखी अर्धा मिनिट दुर्लक्ष झालं की कडू! उकळत्या पाण्यापेक्षा ती कितीतरी जास्त तापलेली असते आणि कातडीला चिकटून बसते. म्हणून ताईच्या शेजारी बर्फाच्या पाण्याचं भांडं ठेवलेलं होतं. तुम्ही एकट्याने या वाटेला मुळीच जायचं नाही!

कॅरॅमल झकास जमलं. वाट्यांच्या तळाशी ओतलं. दूध कोमट करून अंडी-साखरेत मिसळलं, गाळलं, वाट्या भरल्या. गरम पाणी घातलेल्या पसरट ट्रेमध्ये वाट्या ठेवून ओव्हनमध्ये सरकवल्या. सव्वानऊ झाले होते.

शेफनी सांगितलं होतं, ओव्हन १५० अंशांवर. ताईने घड्याळाकडे पाहिलं. वाट्या भाजायच्या, मग गार करायच्या, मग फ्रिजमध्ये घट्ट करायच्या. वेळ पुरणार नव्हता. शेफ दुसऱ्या टोकाला होते. तिने बटण फिरवलं आणि १८० वर ठेवलं. तेवढीच पंधरा मिनिटं वाचतील!

पस्तीस मिनिटांनी दार उघडलं. ट्रेमधलं पाणी खळाखळा उकळत होतं. तिने एक वाटी ताटलीत उपडी केली. कस्टर्डला सगळीकडून भोकं, आणि भोवती पाण्याचं तळं.

मुलांनो, ढोकळ्याला जाळी पडली तर आपण खूश होतो. कस्टर्डला पडली तर ते बिघडलं! असं का, ते खरवसावरून सांगते. गाय व्याली की पहिल्या दिवसांचं दूध, म्हणजे चीक, त्यात प्रथिनं खूप असतात. ती वाफेवर हळूहळू तापली की एकमेकांत गुंफतात, त्यांची जाळी होते, त्या जाळीत सगळं पाणी अडकतं आणि वडी पडते. अंड्याचंही तसंच. कस्टर्ड साधारण ८० अंशांच्या आसपास छान घट्ट होतं. पण त्याहून फार तापवलं तर ती जाळी आवळत जाते, ओला टॉवेल पिळावा तशी, आणि पाणी बाहेर पडतं.

म्हणून तर वाट्या पाण्यात ठेवतात. ओव्हन १५० अंशांवर असला तरी ट्रेमधलं पाणी सतत थोडं थोडं वाफ होऊन उडत असतं, आणि वाफ होताना ते उष्णता घेऊन जातं. माठातलं पाणी गार का होतं हे पाचवी-सहावीच्या मुलांना ठाऊक असेल, तेच कारण. त्यामुळे पाणी उकळत नाही, वाट्या सांभाळल्या जातात. ताईने ओव्हन जास्त तापवला आणि पाणी उकळायला लागलं. मग त्याचा उपयोग काय!

आता तिच्यापुढे प्रश्न होता. पाऊस, उशीर, ओव्हन जुना, काहीही सांगता आलं असतं. बटणाकडे कुणीच पाहिलेलं नव्हतं. ताई मला म्हणाली, "बाई, खरं सांगू? दोन मिनिटं मी तोच विचार करत उभी होते." मग ती वाटी घेऊन शेफकडे गेली. "शेफ, मी १८० वर ठेवलं होतं."

शेफनी चमच्याने एक घास खाल्ला. ओरडले नाहीत, हसलेही नाहीत. "वेळ किती वाचला?" त्यांनी विचारलं. ताई गप्प. "कालचे स्पंज केक आहेत. फळं काप. चल."

मग जी धावपळ झाली म्हणता! रात्रपाळीच्या एका काकांनी स्पंजचे तुकडे केले, ताईने आंबे, केळी, सफरचंदं कापली. शेफनी कस्टर्डचा पातळ सॉस केला आणि पातेलं बर्फात ठेवून ढवळत ढवळत गार केला. काचेच्या पेल्यांत केकचा थर, फळांचा थर, सॉसचा थर, वरून फेटलेलं क्रीम. याला ट्रायफल म्हणतात. बारा वीसला ४८ पेले तयार! पाहुण्यांना काही कळलंच नाही. भोकं पडलेली कस्टर्डं हॉटेलातल्या कामगारांच्या जेवणात गेली. चवीला ती चांगलीच होती म्हणे. एकाने तीन खाल्ली.

ताईच्या नावापुढे उशिराचा शेरा पडलाच. पाऊस असो की काही असो, तिथला नियम तसा आहे. मला तो काही पटला नाही, पण ताईने तक्रार केली नाही.

दुपारी तिला पफ पेस्ट्रीची घडी घालायला दिली. हे आपल्या चिरोट्याचंच भावंड! चिरोट्यात साटा लावून पदर सोडवतात, इथे कणकेच्या पोटात थंडगार लोणी ठेवून लाटतात आणि पत्रासारखी तीन पदरी घडी घालतात. गार करायचं, पुन्हा लाटायचं, पुन्हा तीन पदरी घडी. असं सहा वेळा. आता पाटी घ्या आणि गुणा: ३ × ३ × ३ × ३ × ३ × ३. उत्तर ७२९! एवढे लोण्याचे पदर बोटभर जाडीच्या पेस्ट्रीत. भट्टीत गेल्यावर पाण्याची वाफ होते, ती एकेक पदर वर उचलते, आणि पेस्ट्री फुलते. लोणी मात्र मध्येच वितळलं तर सगळं मुसळ केरात. म्हणून तिथे संगमरवरी ओटा असतो, तो गार राहतो.

चार वाजता पाळी संपली. ताई कोट काढायला निघाली, तर शेफ म्हणाले, "रात्रीच्या जेवणाला कॅरॅमल कस्टर्ड आहे. ४८. करशील?"

तिने पुन्हा ३२ अंडी फोडली, एकेक करून, वाटीत. ओव्हन १५० वर. या वेळी ती स्टूल घेऊन काचेसमोरच बसून राहिली. पाऊण तासाने ट्रे बाहेर आला. वाटी हलवली की मधोमध किंचित थरथरत होती, तळ्यात खडा टाकल्यावर थरथरावी तशी. शेफनी एक वाटी गार करून उपडी केली, सुरीने कापली. एकही भोक नाही.

"वही आण," ते म्हणाले. ताईने ती ओव्हनच्या वर सुकायला ठेवली होती. पानं पापडासारखी वळली होती, त्यावरच त्यांनी सही केली. घरी बाबांनी ती वही बराच वेळ चाळली आणि मग विचारलं, "रविवारी करशील का गं आपल्याकडे?"

रविवारी झालं. आईबाबांना सोबत घेऊन तुम्हीही करू शकता. ताईचं प्रमाण आठाने भागा: अर्धा लिटर दूध, ४ अंडी, १०० ग्रॅम साखर. सहा लहान वाट्या होतात. ओव्हन नसेल तर वाट्यांवर झाकण ठेवून कुकरमध्ये, शिट्टी काढून, मंद आचेवर वाफवा. अंडं न खाणाऱ्यांनी खरवस करावा, शास्त्र तेच आहे.

मी करून पाहिलं. वाटी उपडी केली, तर काय, सगळीकडे भोकं! ताईला फोन केला. ती पलीकडून हसत म्हणाली, "बाई, गॅस मोठा ठेवला होतात ना? खरं सांगा!"