किशोरांच्या हाती शहराचा आराखडा
शहर आणि नागरिक : लेखांक ७

अठरा वर्षांखालील मुलांना मताधिकार नसतो. पण शाळा-क्लासच्या वाटा, बसथांबे, मैदाने आणि बागा रोज वापरणाऱ्यांत त्यांची संख्या मोठी असते. संयुक्त राष्ट्रांनी १९८९ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क संहितेच्या बाराव्या कलमानुसार आपल्याशी संबंधित बाबींत मत मांडण्याचा, आणि वय व समज पाहून त्या मताला वजन मिळण्याचा हक्क मुलांना आहे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये मान्य केली. तरीही शहराच्या विकास आराखड्यावर सूचना-हरकती मागवल्या जातात तेव्हा हे वय क्वचितच दिसते. रंगीत पट्ट्यांचा आणि सांकेतिक खुणांचा तो नकाशा मोठ्यांनाही धड वाचता येत नाही, हे त्याचे एक कारण.

या अडचणीवर एका संगणकीय खेळाचा उपयोग झाला. २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या यूएन-हॅबिटॅट या संस्थेने ‘माइनक्राफ्ट’ बनवणाऱ्या मोजांग या स्वीडिश कंपनीबरोबर ‘ब्लॉक बाय ब्लॉक’ हा उपक्रम सुरू केला. या खेळात घनाकृती ठोकळे रचून जग उभारायचे असते. एक ठोकळा म्हणजे एक मीटर असे धरले, की छायाचित्रे आणि नकाशांवरून वस्तीतली खरी जागा पडद्यावर जशीच्या तशी मांडता येते. कार्यशाळेत आधी सर्वजण त्या जागेवर फिरून येतात आणि मग दोघे-चौघे मिळून एका संगणकावर बसतात. अनेकांनी तोवर माऊसही हाताळलेला नसतो, पण ठोकळा ठेवणे आणि काढणे लवकरच जमते.

खरा फरक चर्चेत पडतो. ‘इथे सुधारणा हवी’ एवढ्यावर बोलणे थांबत नाही. कुंपण इतके उंच केले तर आतली मुले रस्त्यावरून दिसतील का, दिवा कोणत्या कोपऱ्यात हवा, बाक सावलीत आहे का, असे प्रश्न निघतात. उत्तर पटले नाही तर ठोकळा तिथल्या तिथे हलवता येतो. चारचौघांत बोलायला बुजणारी मुलगीही आपले म्हणणे पडद्यावर बांधून दाखवते. व्हिएतनाममध्ये हनोईच्या किम चुंग भागात किशोरवयीन मुलींनी आपल्या रोजच्या वाटेवरच्या असुरक्षित जागा अशाच मांडल्या आणि अंधार होता तिथे दिवे सुचवले. नेपाळात कीर्तिपूर या जुन्या नेवार गावातल्या देय पुखू तळ्याच्या परिसराची आखणीही या पद्धतीने झाली. शेवटी हे नमुने अधिकाऱ्यांपुढे ठेवले जातात आणि वास्तुरचनाकार त्यांवरून बांधकामाची रेखाचित्रे काढतात.

खेळातून जागेची मालकी मात्र ठरत नाही, सांडपाण्याचा उतार कळत नाही आणि पैसाही येत नाही. निधीची तरतूद आधी नसेल तर मुलांचा नमुना संगणकातच राहतो, आणि पुन्हा बोलावल्यावर ती येत नाहीत. या दृष्टीने अमेरिकेतील बॉस्टन शहराचा प्रयोग अधिक ठोस आहे. २०१४ मध्ये तिथल्या महापालिकेने भांडवली अंदाजपत्रकातले दहा लाख डॉलर १२ ते २५ वयोगटाच्या निर्णयावर सोडले. सभांमधून कल्पना गोळा झाल्या; तरुण स्वयंसेवकांनी अधिकाऱ्यांबरोबर बसून त्यांचा खर्च आणि व्यवहार्यता तपासली आणि दीड हजारांहून अधिक जणांनी मतदान केले. निवडलेल्या कामांत बागेतली खेळाची जागा, शाळांसाठी लॅपटॉप, कलाकारांसाठी भिंती आणि पदपथ होते. रक्कम भांडवली असल्याने पगार किंवा शिकवण्यांसारखे खर्च त्यातून करता येत नव्हते. ही मर्यादा मुलांना सुरुवातीलाच समजावून सांगावी लागते.

पुणे महापालिकेने २००६ मध्ये नागरिकांकडून अंदाजपत्रकासाठी प्रभागातील कामे मागवायला सुरुवात केली. पदपथ, बाक, दिवे अशी लहान कामे त्यात सुचवता येतात, म्हणजे नेमके मुलांच्या नजरेत भरणारे विषय. किशोरांसाठी बॉस्टनसारखा राखीव वाटा मात्र या चौकटीत नाही. शाळांनी वर्गावर्गांतून सूचना गोळा करून पाठवल्या तर त्या वेगळ्या मोजता येतील, आणि ही पायरी सध्याच्या पद्धतीतही घालता येण्याजोगी आहे.

फिनलंडने किशोरांच्या सहभागाला कायद्याचाच आधार दिला. तिथल्या २०१५ च्या स्थानिक शासन कायद्यानुसार प्रत्येक नगरपालिकेत युवा परिषद किंवा तशीच दुसरी व्यवस्था असणे बंधनकारक आहे. शिक्षण, आरोग्य, राहण्याचा परिसर, घरे आणि वाहतूक यांच्या नियोजनात, अंमलबजावणीत आणि देखरेखीत तिला सहभागाची संधी द्यावी लागते.